बांधावरचा चेंडू

आमच्या मैदानाला एकच माप होतं :
बंद मिलची चिमणी.
चेंडू तिच्या वर गेला तर पाठ करून पळायचं,
खालीच राहिला तर दोन पावलं पुढं.
एप्रिलात सोलापूरच्या आभाळात ढग नसतो,
आणि ढग नसला की उंची कळत नाही,
पांढऱ्यात पांढरं विरघळतं.
होटकर सर लांबून ओरडायचे,
"बघत काय बसलीस बे, खाली ये त्याच्या!"

सोप्या झेलाला आम्ही 'चादर' म्हणायचो.
दुकानाच्या माळ्यावरून एकजण घडी फेकतो
आणि खालचा, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता,
वर न बघता झेलतो, तसा.
चादर सुटली की आठवडाभर नाव निघायचं.
सणसणत सरळ येणारा तो 'धोटा'.
त्याच्यापुढं बोटं धरायची नाहीत,
हे मागाशेजारी वाढलेल्या पोरींना शिकवावं लागत नाही.
आणि दोघींच्या मधे पडतो
तो 'बांधावरचा'.

पहिल्याच सामन्यात तसा एक आला.
महानंदा ओरडली, "नंदु!"
मी ओरडले, "नादी!"
पलीकडून मुबीना, "मेरा, मेरा!"
वैजयंता, "माझाय!"
मग चौघीही थांबलो, एकमेकींना वाट देत.
चेंडू मधोमध पडला,
थोडी धूळ उडाली, बसली.
सर आले. चेंडू उचलला. म्हणाले,
"चौघींनी चार भाषांत हाक मारली.
ह्यो पडला कुठल्या भाषेत?"

मग ठरलं, जी आधी 'बे' म्हणेल तिचा.
तो शब्द गावात सगळ्यांच्या तोंडी होता
आणि कुणाच्याच घरचा नव्हता.

एक नियम मला कधी आवडला नाही.
पहिल्या-दुसऱ्या बेसवर त्यांच्या पोरी उभ्या
आणि चेंडू आतल्या आत उंच उडाला,
की तो हातात यायच्या आधीच पंच बोट वर करतो :
बाद.
कारण आपण मुद्दाम सोडू,
एकीच्या जागी दोघींना मारू.
"म्हणजे आम्ही चोर?" महानंदानं विचारलं.
"तुम्ही नाही," सर म्हणाले,
"पण कधीतरी कुणीतरी होतं."

लातूरशी शेवटचा डाव. बरोबरी. एक बाद.
त्यांची एक तिसऱ्या बेसवर,
टाच टेकून, बाकी सगळं अंग घराकडं.
फटका बसला आणि चेंडू चिमणीच्या वर गेला.
मी पाठ केली.
पळता पळता 'बे' म्हणाले,
आसपास कुणी नसताना.
ग्लोव्हची शिवण उसवलेली,
चादरीच्या दोऱ्यानं घातलेले चार टाके,
त्यांच्यावर तो येऊन थांबला.
तेवढ्यात तिची टाच सुटली.
झेल होईस्तोवर थांबायचं, मग पळायचं :
तिनं नियम पाळला होता.
मी जीव खाऊन फेकला. दोन टप्पे.
उशीर.

सोडला असता तरी धाव झालीच असती.
धरला, तरी झाली.
वहीत माझ्या वाट्याला आठाचा एक आकडा,
सेंटरवाल्या पोरीचा.
मारणारी बाद होऊन हसत परत गेली,
तिचा तो फटका हिशेबातसुद्धा धरत नाहीत.

माझी आई त्या दिवशी पहिल्यांदा आलेली,
हजारातल्या दोनशे विड्या सुपात तशाच ठेवून.
लातूरच्या पोरी नाचत होत्या
आणि कडेला ती एकटीच उभी राहून
माझ्याकडं बघत टाळ्या वाजवत होती.
"पट्टिनव् गदा?" ती म्हणाली. पकडलंस ना?
"मरि?"
मग?

विडी घरकुलाच्या वळणापर्यंत मी समजावत राहिले,
बेस, टाच, झेल, धाव,
बाद होऊनही कामी आलेली ती पोरगी.
तिनं सगळं ऐकून घेतलं.
म्हणाली, छाटलेल्या विड्या
मुनीमसुद्धा ठेवूनच घेतो की,
फेकत नाही.